दोन बोटं माया

टाचणीनं लिफ्टमध्ये पाय टाकला मात्र, लिफ्ट बोंबलली.

तिच्या दोन्ही काखांत अस्तराच्या कापडाचे तागे होते आणि दातांत दुकानाची किल्ली. आतल्या माणसांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. आधी पायांकडे, मग हळूहळू वर. फार सभ्यपणे पाहिलं, म्हणून जास्तच लागलं.

टाचणी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हतं. लहानपणी ती खरंच टाचणीसारखी होती म्हणून तिच्या वडिलांनी ठेवलेलं. वडील म्हणजे मास्तर. या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि टाचणी त्यांच्या हाताखाली शिकून आता त्यांच्या बरोबरीनं कातरी चालवत होती. पुढे ती अंगानं भरली, गालांना खळ्या पडल्या, पण नाव काही बदललं नाही. आंधळ्याचं नाव नयनसुख तशातली गत.

“मी जिन्यानं जाते,” किल्ली दातांत धरूनच ती म्हणाली.

“तुम्ही का? थांबा, मीच उतरतो.”

कोपऱ्यातून एक उंच, किडकिडीत तरुण हत्यारांची पेटी सांभाळत बाहेर आला. लिफ्ट तरी बोंबलतच राहिली. त्यानं मान तिरकी करून ऐकलं आणि गालात हसला.

“बघितलंत? मी उतरलो तरी रडतेय. दोष तुमचा नाही, हिचा आहे. वजनकाट्यात धूळ गेली की हिला रिकामं असतानाही भरल्यासारखं वाटतं.”

“माझ्या आत्यासारखंच झालं मग,” टाचणी म्हणाली. “तिला मी जेवायच्या आधीच जेवलेली दिसते.”

तो मोठ्यानं हसला. मग आतल्या सगळ्यांना खाली उतरवून, एक तागा स्वतःच्या खांद्यावर टाकून तिच्यामागून जिना चढू लागला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, त्याला वर मशिनच्या खोलीत जायचंच होतं म्हणे. मधेच तो थांबे, एका हातानं पँट वर ओढी आणि पुन्हा चढे. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा टाचणीला राहवलं नाही.

“पट्टा नाही का लावत?”

“लावलाय की. त्याला भोकं पाडायला आता जागा उरली नाही.”

“मग चला. वर माझे वडील आहेत. ते करतील काहीतरी.”

मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, गळ्यातली टेप त्याच्या कमरेभोवती फिरवली आणि हूं केलं.

“केव्हा शिवली ही पँट?”

“मागच्या वर्षी.”

“आणि मागच्या वर्षी काय नव्हतं, जे आता आहे?”

लिफ्टवाला जरा गांगरला. “म्हणजे?”

“टेपेला आकडा कळतो, कारण कळत नाही. ते मला विचारावं लागतं.”

मग त्यानं सांगितलं. त्याची नेमणूक बिघाडांच्या पाळीवर झाली होती. फोन कधीही वाजे. कुठेतरी कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असे, आणि हा समोरचं ताट सोडून धावे. आता तर फोन वाजला नाही तरी घास उतरत नसे.

“आमचा थोरला भाऊ अगदी उलटा,” तो म्हणाला. “तोही याच कामावर. त्याला काळजी लागली की भूक लागते. एका आईचे, एका ताटात जेवलेलो. आता तो दार अडवतो आणि मी फटीतून जातो.”

मास्तर हसले. त्यांनी खडूनं पँटीवर दोन रेघा ओढल्या.

“कापून टाका ना जास्तीचं,” लिफ्टवाला म्हणाला.

“छे! कापलं की संपलं. आत माया ठेवायची. दोन बोटं.”

“माया?”

“शिवणीच्या आत जे जादा कापड राहतं ना, त्याला म्हणतात,” टाचणीनं सांगितलं.

“माणूस घटतो, माणूस भरतो,” मास्तर टेप गुंडाळत म्हणाले. “कपड्यानं हटून बसू नये.”

पुढच्या आठवड्यात येतो म्हणून तो गेला. जाताना दारात थांबून त्यानं एकदा मागे पाहिलं... आणि चौकटीवर डोकं आपटून घेतलं. टाचणीनं तोंडावर हात धरला.

“कशी आहे?” मास्तरांनी मशिनवरून मान वर न करता विचारलं.

“बरा आहे. जरा बारीक आहे, पण—”

“मी पँटीबद्दल विचारतोय.”

टाचणीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मास्तर इतके हसले की त्यांचा पाय पायट्यावरून निसटला आणि मशीन थांबलं.

त्या संध्याकाळी त्यांनी तिचा निळा पोशाख पुरा केला. आतेबहिणीच्या लग्नात घालायचा होता, लग्नाला बरेच महिने होते. पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत पोरीचं राहून जाईल म्हणून त्यांनी आधीच हातावेगळा केला.

“घालून बघ.”

“उद्या बघते हो, बाबा. दमले आता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बुटांच्या नाड्या बांधायला खुर्चीवर बसले. एक नाडी बांधून झाली होती.

*

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा टाचणीला एक गोष्ट कळली. शिवणाऱ्याचे हात भरलेले असतात, पण मन रिकामं असतं. मन रिकामं झालं की ती मशिनचा खण उघडी. पूर्वी त्यात रिळं असत, आता बिस्किटं होती. एक बाही झाली की एक बिस्कीट. बाही चुकली तर दोन. भूक लागलेली नसे, चवही कळत नसे. फक्त चघळत असेपर्यंत समोरच्या रिकाम्या मशिनकडे लक्ष जात नसे. घरी ताटावर बसून जेवणं सुटलंच. ओट्याशी उभ्या उभ्या पाव मोडायचा, पातेल्यातूनच खायचं. झोपही धड नव्हती.

आणि ते सगळं अंगाला लागलं.

आत्या आली ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अगं, दुःखानं माणसं वाळतात, तू तर फुगलीस! लोक काय म्हणतील? बाप गेला आणि पोरीनं बाळसं धरलं.”

आत्याच्या मनात वाईट काही नव्हतं. भावाच्या मागे ती स्वतः निम्मी झाली होती, आणि दुःख म्हणजे असंच दिसतं अशी तिची समजूत होती. पण तो शब्द टाचणीच्या काळजात रुतून बसला. आरशात बघताना तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. खरंच आपल्याला काही वाटत नाही की काय?

अशाच एका दुपारी दारातून उंच सावली आत आली.

“माझी पँट विकून टाकली नाहीत ना? पार गावाच्या दुसऱ्या टोकाला टाकलं होतं हो मला. काल सुटलो.”

तो आणखी बारीक झाला होता. टाचणी आणखी जाड. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही तो विषय गिळला. पँट घेऊन तो पडद्याआड गेला.

“मास्तर दिसत नाहीत?” आतून आवाज आला.

टाचणीनं हातातली कातरी खाली ठेवली. “बाबा गेले.”

“असं होय. मग येतील कधी?”

पडद्याखाली त्याचे पाय दिसत होते, एका पायावर तोल सावरत उड्या मारणारे. त्याला वाटलं होतं, मास्तर कुठेतरी कामाला गेलेत. दोरे आणायला, बटणं आणायला. तिनं सांगायला तोंड उघडलं... आणि तिला जाणवलं की गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच छातीवरचं काहीतरी हललं होतं. मास्तर बाहेर गेले होते. येतील. चष्मा कपाळावर ठेवूनच गेले असतील वेंधळे.

“येतील,” ती म्हणाली. “त्यांचं काही सांगता येत नाही.”

*

पँट बसली, पण लिफ्टवाल्याचे बाकीचे कपडे अचानक बिघडायला लागले. सदऱ्याचं बटण तुटलं. खिसा फाटला. मग थोरल्या भावाची पँट सैल करायला आली, भावाला न विचारता.

“अहो, ही तर चांगली बसत असणार त्याला,” टाचणी टाके बघत म्हणाली.

“आज बसते. उद्याचं काय सांगावं? तुमचे बाबाच म्हणतात, माणूस भरतो.”

“आणि हे बटण तुटलेलं नाही. कापलंय. बटण तुटलं की दोरा उसकटतो. हा सरळ आहे.”

“...उंदरांनी?”

“कातरी घेऊन?”

तो जेवणाचा डबा घेऊन येऊ लागला. एकट्यानं घास उतरत नाही, कुणी समोर बसलं तर जातो, असं त्याचं म्हणणं. म्हणून टाचणी कापायच्या टेबलाचा एक कोपरा रिकामा करी आणि तीही आपलं ताट वाढून घेई. बसून, समोर बघून, बोलत बोलत जेवण होई. तो दिवस मग वेगळाच जाई. संध्याकाळपर्यंत खणाची आठवणही होत नसे. त्याचा फोन वाजला की ती म्हणे, “दोन घास खा, मग उचला. अडकलेला माणूस दोन घासांनी काही विरघळत नाही.”

“तुम्ही अडकून बघा एकदा.”

“बघेन. पण सोडवायला तुम्हीच यायचं.”

हे बोलून गेल्यावर तिलाच कसंसं झालं. तो चमचा हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला. बाहेर पावसाची बारीक भुरभुर होती आणि खिडकीच्या काचेवरून एकेक थेंब रेंगाळत खाली येत होता.

“मास्तर आले की...” तो म्हणाला, “मला त्यांच्याशी जरा बोलायचंय. तुमच्याबद्दल.”

टाचणीचा आनंद आणि धसका एकदमच वर आले. आता सांगायला हवं होतं. सांगितलं, तर जगात उरलेल्या या एकाच माणसासाठीही बाबा संपणार होते. नाही सांगितलं, तर हा बिचारा कधीच न येणाऱ्या माणसाची वाट बघत बसणार होता.

“सांगते त्यांना,” ती म्हणाली.

पण त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट झाली. लिफ्टवाला येई, हसे, डबा उघडी. मात्र मास्तरांचं नाव घेणं त्यानं सोडलं. आज आले का, उद्या येतील का, काही नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. टाचणी मनातून सुटल्यासारखी झाली, आणि मग हळूहळू तिच्या मनानं दुसरंच गणित मांडलं. बोलायचं होतं, आता नाहीय. का? तिनं आरशात पाहिलं. आरशानं उत्तर दिलं असं तिला वाटलं.

त्यात लग्न तोंडावर आलं. निळा पोशाख तिनं पहिल्यांदा अंगावर चढवला तेव्हा पाठीची चेन अर्ध्यावर अडली.

आत्या तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं.

“झोपता किती?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“पडून असते.”

“खाता केव्हा?”

“...लक्षात राहत नाही.”

“घरात काही घडलंय का अलीकडे?”

टाचणीचे ओठ हलले. पण तिच्या आधी आत्याच बोलली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मग तुमच्या आत्या वाळल्या आणि तुम्ही भरलात, एवढाच फरक आहे,” त्या म्हणाल्या. “तेच दुःख आहे. एकाचं पोट मिटतं, एकाचं उघडतं. झोप गेली की भूक वाढते, आणि प्रत्येकाच्या शरीराची ठेवण मुळातच निराळी. हळूहळू येईल ताळ्यावर. वेळेवर जेवा, फिरा, झोपेचं बघू आपण. आणि उपाशी बिलकुल राहायचं नाही.”

बाहेर आल्यावर आत्यानं टाचणीचा दंड धरला आणि एवढंच म्हणाली, “माझ्या जिभेला काही हाड नाही बघ.”

*

इतकं सगळं ऐकूनही टाचणीनं डॉक्टरीणबाईंची शेवटची गोष्ट तेवढी पाळली नाही. लग्न आठवड्यावर होतं. तिनं खाणं तोडलं. लिफ्टवाला आला की उपवास आहे म्हणे, पोट बिघडलंय म्हणे. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी कापड आखता आखता टेबलच तिच्या अंगावर यायला लागलं.

डोळे उघडले तेव्हा ती खुर्चीत होती. लिफ्टवाला साखर घातलेला चहा तिच्या ओठांशी धरून बसला होता.

“घ्या. मग पाव. मग भांडा.”

“मी कुठे भांडतेय?”

“मी भांडणार आहे. आधी अंगात त्राण येऊ दे तुमच्या.” त्यानं पाव तिच्या पुढ्यात सरकवला. “अडकलेली माणसं खूप पाहिलीत मी. पण आतून कडी लावून बसलेलं हे पहिलंच.”

तिनं चहा घेतला. पाव खाल्ला. त्याची नजर मग कोपऱ्यातल्या हँगरवर गेली.

“यासाठी?”

तिनं मान डोलावली.

“पण यात माया नाही का?”

“असणार. पण उसवावं लागेल.”

“मग उसवा.”

“टाके बाबांचे आहेत.”

तो उठला, पोशाख काढून त्यानं तिच्या मांडीवर ठेवला आणि खिडकी थोडी उघडून उजेड आत घेतला. “मला शिवणातलं कळत नाही,” तो म्हणाला. “पण माया उसवायसाठीच ठेवतात ना?”

टाचणीनं पोशाख उलटा केला. कातरीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं, डोळे मिटले आणि दोरा तोडला. पुढचे टाके आपोआप सुटत गेले. शिवण उघडली तशी ती थबकली. तिनं आत बोटं लावून पाहिली. पुन्हा लावली.

आत चार बोटं माया होती. दोन्ही कुशींना. मास्तर साऱ्या गावाला दोन बोटं ठेवत. कापड वाया जातं म्हणून तिसऱ्या बोटाला त्यांचा ठाम नकार असे.

तिला शाळेतल्या परीक्षा आठवल्या. दर परीक्षेला ती पुस्तकात डोकं घालून काही ना काही खात राही आणि निकालापर्यंत तिचा झगा घट्ट होई. मग एके सकाळी तो कुणी काही न बोलता सैल झालेला असे. घरात याबद्दल अवाक्षर निघालं नव्हतं कधी. पोरगी कशानं भरते हे बाबांना तिच्याही आधी ठाऊक होतं. त्यात हसण्यासारखं किंवा लाजण्यासारखं त्यांना काही वाटलं नव्हतं.

“चार आहेत,” ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून घळघळ पाणी यायला लागलं.

लिफ्टवाल्यानं खिशातून रुमाल काढला. त्याला यंत्राच्या तेलाचा वास होता. त्यानं विचारलं नाही, की मास्तरांनी चार का ठेवली. विचारलं नाही, की आल्यावर त्यांना दाखवणार का. तिनं रुमालावरून त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“तुम्हाला माहीत आहे.”

तो खाली बघायला लागला.

“केव्हापासून?”

“खाली चष्म्याचं दुकान आहे ना, ते चष्मेवाले काका बोलले. त्यांना वाटलं, मला ठाऊकच असणार. मास्तरांशी बोलायचंय म्हणालो होतो ना मी, त्याच्या दुसऱ्याच दिवशी.”

“आणि मग नाव घेणं सोडलंत?”

“कसं घेणार? तुम्हाला खोटं बोलायला लावल्यासारखं झालं असतं.”

“आणि मला वाटलं...” टाचणीनं रुमाल चुरगाळला. “मला वाटलं, मी अशी झालेय म्हणून तुमचं मन फिरलं.”

“अशी म्हणजे कशी?”

“दिसत नाही का?”

“दिसतं की. मी रोज बघायलाच येतो.” मग आपण काय बोललो ते कळून तो गोंधळला, पण मागे हटला नाही. “थोरला म्हणतो, माझ्या कपड्यांचा इतका सत्यानाश झालाय की आता मला तरी मुलगी दाखव नाहीतर पँट परत दे.”

तिला हसू फुटलं. तो समोरच्या स्टुलावर टेकला, गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्या परीक्षेला बसल्यासारखा.

“तुमचे बाबा,” तो हळूच म्हणाला, “कुठे आहेत, सांगता?”

टाचणीनं रिकाम्या मशिनकडे पाहिलं. आत्यानं हे तिच्या वतीनं सांगितलं होतं, शेजाऱ्यांनी सांगितलं होतं, दारावर चिठ्ठी चष्मेवाल्या काकांनी लावली होती. तिच्या तोंडून सरळ शब्दांत ते एकदाही निघालं नव्हतं.

“वारले,” ती म्हणाली. “बाबा वारले. आता ते येणार नाहीत.”

काही कोसळलं नाही. शब्द दुकानभर पसरला आणि राहिला. तिनं हात पुढे केला, तो त्यानं दोन्ही हातांत धरला. त्याची बोटं हाडकुळी आणि उबदार होती. त्याच्या खिशातला फोन एकदा थरथरला आणि थांबला.

“त्यांना विचारायचं होतं ते...” अखेर तो म्हणाला, “आता कुणाला विचारू?”

“मला विचारा.”

“त्यांच्यासाठी सगळं पाठ केलं होतं हो. तुमच्यासमोर... आठवेना काही.”

“बरं. मग विचारू नकोस,” ती म्हणाली, आणि अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. तिनं डोळे पुसले, ताठ बसली, आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

“मला तू आवडतोस. फार आवडतोस.”